जातोच आहोत तर…

कोथरूडहून आलेलं पत्र आहे, थोडं कापून देतेय:

"ताई, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात चुलत दिराचं लग्न आहे. मुलगी जोधपूरची, त्यामुळे लग्नही तिकडेच. आम्ही चौघं जाणार, मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि सासूबाई (वय ७२, दोन्ही गुडघे कुरकुरतात). शनिवारी रात्री लग्न आणि सोमवारी दुपारी परतीचं विमान असं ठरलं होतं. आता नवरा म्हणतो एवढं लांब जातोच आहोत तर शुक्रवारपर्यंत थांबू, जैसलमेर, बिकानेर आणि जमलं तर उदयपूर करू, त्याने एक्सेल शीटपण बनवलीये. मी म्हणते लग्नाच्या दगदगीनंतर सरळ घरी यावं, सासूबाईंना हे झेपणार नाही, लेकीची शाळा बुडेल. यावरून तीन दिवस अबोला चालू आहे. कोणाचं बरोबर? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल."

बरं, अगं म्हणते. दोघांचंही चुकतंय, पण नवऱ्याचं जास्त चुकतंय म्हणून आधी त्याला घेते.

हा 'जातोच आहोत तर' नावाचा रोग आपल्याकडे घरोघरी आहे. अंबाबाईच्या दर्शनाला म्हणून निघायचं, मग कोल्हापूरला जातोच आहोत तर ज्योतिबा, ज्योतिबाला जातोच आहोत तर पन्हाळा, येताना नरसोबाची वाडी, आणि रविवारी रात्री साडेअकराला खंबाटकीत ट्रकच्या मागे अडकून गाडीतले सगळे एकमेकांवर खेकसतायत. कोल्हापूरकडे हे निभून जातं कारण सगळं तासा-दीड तासाच्या आत आहे. तिकडे वाळवंटात नाही निभत. फोनवरच्या नकाशात जोधपूर, जैसलमेर, बिकानेर हे तीन ठिपके कसे शेजारी शेजारी दिसतात, स्वारगेट-डेक्कन-शिवाजीनगर असल्यासारखे, पण जोधपूर ते जैसलमेर २८० किलोमीटरच्या आसपास, जैसलमेर ते बिकानेर साधारण ३३०, आणि बिकानेरहून परत जोधपूर २५०. बेरीज साडेआठशेच्या वर गेली, म्हणजे पुण्याहून नागपूर गाठायचं आणि वर अजून दीडशे किलोमीटर. आणि उदयपूर तर जोधपूरच्या खाली दक्षिणेला अडीचशे किलोमीटर, अरवलीच्या डोंगरातलं तळ्यांचं गाव, त्याचा वाळवंटाशी काही संबंध नाही आणि तुमच्या रस्त्याशी तर त्याहून नाही. नवऱ्याला सांग, एक्सेलमध्ये प्रवासाच्या तासांचा एक कॉलम टाक आणि मग परत बोल माझ्याशी.

आम्ही हे करून बसलोय म्हणून एवढं तावातावाने लिहितेय. आमच्याकडेही अशीच शीट होती, पाच दिवसांत जोधपूर, जैसलमेर, बिकानेर, जयपूर. जैसलमेरहून सकाळी निघायला उशीर झाला, का तर मुलाचे बूट मिळेनात, मग वाटेत त्याच मुलाला उलट्या, आणि बिकानेरला पोचलो तेव्हा जुनागड किल्ल्याचं तिकीटघर बंद झालं होतं. बिकानेर म्हटलं की मला आजही फक्त हॉटेलची बाथरूम आठवते, निळी बादली आणि त्यात भिजत घातलेला स्वेटर. चांगलं गाव आहे गं ते, राजा रायसिंगाने १५८९ ते १५९४ मध्ये बांधलेला तो किल्ला डोंगरावर नाहीये, सपाटीवर आहे, तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांना त्यातल्या त्यात तोच सोयीचा, देशनोकचं उंदरांचं देऊळ ३० किलोमीटरवर, लेक तर नाचेल. पण त्याला अजून दोन दिवस पाहिजेत, ते तुमच्याकडे नाहीयेत. भुजियासाठी जायचं असेल तर ती लक्ष्मी रोडला मिळते. (आणि ती मोठ म्हणजे आपल्या मटकीच्या पिठाची असते हे किती जणांना माहितीये? त्याच मटकीची आपण मिसळ करतो.)

आता तू. घरी यावं म्हणतेस, पण लग्नाला गेलेल्या माणसाला गाव दिसतच नाही. हॉटेल, मंडप, मेंदी, परत हॉटेल. जोधपूरला जाऊन मेहरानगड न बघता कोणी आलं की मला अंगावर काटा येतो. ते जाऊ दे, मला तुझ्या पत्रातली खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. सासूबाईंना झेपणार नाही असं तू म्हणतेस, त्यांना घेऊन जाऊ असं नवरा म्हणतो, पण सासूबाई काय म्हणतात ते अख्ख्या पत्रात कुठेच नाहीये. विचारलंयस का त्यांना? मुलगा-सून बोलत नाहीत म्हटल्यावर त्या 'तुमचं तुम्ही ठरवा बाई' असंच म्हणणार, त्यामुळे दोघांच्या समोर नको, दुपारच्या चहाला एकटी असताना विचार. त्यांना यायचं नसेल तर सोमवारच्या विमानाने लग्नाची बाकीची मंडळी परत येतायतच, एखाद्या नणंदेबरोबर येतील त्या. आणि यायचं असेल तर प्लॅन त्यांच्या चालीने आखायचा, नवऱ्याच्या नाही.

मी एकच गाव वाढवेन, जैसलमेर. शुक्रवारपर्यंतचे दिवस त्याला अगदी बेताचे पुरतात.

रविवार जोधपूरलाच. सकाळी उशिरा उठा, जागरण झालेलं असेल. मग मेहरानगड, १४५९ मध्ये राव जोधाने पाया घातलेला, आणि महत्त्वाचं म्हणजे आत लिफ्ट आहे, वेगळं तिकीट काढावं लागतं पण सासूबाई थेट वर पोचतात. वर गेल्यावर तटावरून खाली निळी घरं बघायची, ती खाली गल्लीत फिरताना एवढी कळत नाहीत जेवढी वरून कळतात. संध्याकाळी घंटाघरापाशी मिरचीवडा खा, पण एक चौघांत, लग्नाचं जेवण अजून पोटात असेल.

सोमवारी सकाळी जैसलमेर. इथे नेहमीचा प्रश्न, ट्रेन की गाडी. ट्रेन पाच-सहा तास घेते, सासूबाईंना पाय पसरता येतात आणि बाथरूमची चिंता नाही. गाडीलाही साधारण पाच तास लागतात पण मध्ये थांबता येतं. मी म्हणेन जाताना गाडी आणि येताना ट्रेन. येतानाचं ट्रेनचं तिकीट मात्र आजच काढ, तिकडे सीझन आहे. गाडी ठरवताना नीट विचारून घे, बहुतेक ठिकाणी दिवसाला कमीत कमी अडीचशे किलोमीटर धरून पैसे लावतात आणि ड्रायव्हरचा भत्ता वेगळा असतो, नुसता सोडायला नेला तरी रिकाम्या परतीचे पैसे लावतात कधीकधी. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं, फोनवर 'हो हो मॅडम' म्हणतात सगळेच.

गाडी असली तर सरळ रस्त्याने न जाता ओसियां-फलोदीवरून जा, थोडं लांब पडतं पण माझं ऐक. ओसियां जोधपूरपासून साधारण ६५ किलोमीटर, तिथली देवळं आठव्या शतकापासूनची आहेत. सच्चियाय मातेच्या देवळाला पायऱ्या आहेत भरपूर, सासूबाईंना खाली महावीराच्या देवळात बसव. पुढे फलोदीजवळ खीचन नावाचं गाव आहे, तिथे थंडीत हजारोंनी करकोचे येतात, कांड्या करकोचे, राखाडी अंग, काळी मान आणि डोळ्यामागे पांढरा तुरा. तिकडे त्यांना कुरजां म्हणतात आणि गावातले लोक त्यांना रोज दाणे घालतात, पिढीजात चाललंय ते. दाण्याची वेळ सकाळची, तेवढ्या पहाटे तुम्ही काही पोचत नाही, पण दिवसा ते तळ्याकाठी असतात. आधी आवाज येतो. मग गावामागे वळलं की तळ्याची अख्खी कड राखाडी दिसते आणि लेकीला वाटतं दगड आहेत आणि मग त्यातले चाळीस-पन्नास दगड एकदम उडतात. माझा मुलगा, तोच उलट्यावाला, वीस मिनिटं काही बोलला नाही. त्याच्या बाबतीत हा विक्रमच म्हणायचा.

(याच फलोदीत मे २०१६ मध्ये ५१ अंश तापमान नोंदवलं गेलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत राजस्थान करू म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.)

पुढे पोखरण. लेक विचारेलच म्हणून सांगते, १९७४ ला आणि मग मे १९९८ ला अणुचाचण्या झाल्या त्या ह्या भागात, पण ती जागा लष्कराच्या ताब्यात आहे, बघायला सोडत नाहीत, त्यामुळे पोखरणला चहा प्यायचा आणि पुढे निघायचं. जैसलमेर जवळ यायला लागलं की दोन्ही बाजूंना पवनचक्क्याच पवनचक्क्या, त्यातल्या कितीतरी आपल्या हडपसरच्या सुझलॉनच्या. नवऱ्याला सांगायला ठीक आहे, त्याला असं काही सांगितलं की गाडीत झोपत नाही तो, माझा तरी नाही झोपत.

आणि एक, मनाची तयारी करून जा, वाळवंट म्हणजे सगळीकडे वाळूच्या टेकड्या नसतात. बराचसा भाग खुरट्या झुडपांचा आणि खडकाळ माळ आहे, आपल्या दौंड-भिगवणकडच्या माळरानाला अजून वाळवावं तसा. टेकड्या ठराविक ठिकाणीच.

मंगळवार जैसलमेर गावात. किल्ला ११५६ सालचा, रावळ जैसलचा, पिवळ्या दगडाचा, आणि आत अजून वस्ती आहे, लोक राहतात, दुकानं आहेत, कपडे वाळत घातलेत, म्हणजे आपल्या शनिवारवाड्याच्या आत अख्खी कसबा पेठ नांदत असती तर कसं वाटलं असतं तसं. २०१३ मध्ये राजस्थानच्या सहा किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला त्यात हा आहे. आता नवऱ्याच्या शीटमध्ये नक्की 'किल्ल्याच्या आतलं हॉटेल' असणार, फोटो फार सुंदर असतात त्यांचे. ते खोड. एक तर गल्ल्या चढाच्या आणि फरशी झिजून गुळगुळीत झालेली, बॅगा आणि गुडघे दोन्हींचे हाल. दुसरं, हा किल्ला बांधला तेव्हा पाणी घागरीने वर यायचं, जपून वापरायचे आणि सांडपाणी उघड्या गटारीतून वाहून जायचं. आता नळ आले, हॉटेलं आली, प्रत्येक खोलीत फ्लश आणि शॉवर आले, ते पाणी खाली मुरतं, आणि किल्ला ज्या डोंगरावर उभाय तो खडक आतून ठिसूळ, त्यामुळे बुरूज खचलेत, काही पडलेही. किल्ल्याच्या पायथ्याशी हॉटेल घ्या, गच्चीवरून अख्खा किल्ला दिसतो, आत राहिलं तर तो दिसतच नाही, हे नवऱ्याला जास्त पटेल.

सकाळी जैन देवळं, दुपारी पटव्यांची हवेली, हवेलीत जिने अरुंद आहेत तेव्हा सासूबाईंनी बाहेरूनच जाळी बघितली तरी चालेल, खरं काम बाहेरच्या बाजूलाच आहे. संध्याकाळी गडीसर तलाव. हा चौदाव्या शतकातला तलाव गावाचं पिण्याचं पाणी होता, अगदी गेल्या शतकापर्यंत. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी आपल्या सोसायटीत टँकर येतो, तिकडे दोनशेसुद्धा धड पडत नाही आणि त्यावर गाव उभं राहिलं. पेशव्यांनी कात्रजच्या तळ्यातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं त्याचं आपण कौतुक करतो ना, मग इथे काठावर बसून थोडं ह्यांचंही करायचं. आम्ही बसलो होतो तिथे एक म्हातारबाबा कमायचा वाजवत होते. कमायचा म्हणजे सारंगीच्या जातीचं वाद्य, पोट गोल, कातडं ताणलेलं. गाणं झाल्यावर त्यांनी खिशातून राळेचा खडा काढून गजावर घासला आणि माझ्या सासऱ्यांच्या हातात गज दिला, 'खींचो'. सासऱ्यांनी ओढला, दार कुरकुरल्यासारखा आवाज आला, बाबा इतके हसले की त्यांचा फेटा सुटला. कॅम्पवरच्या कार्यक्रमातलं मला एक गाणं आठवत नाही, हा आवाज आठवतो.

बुधवार वाळूचा. इथे फसवणूक जास्त म्हणून जरा सविस्तर लिहिते. सम हे ठिकाण जैसलमेरपासून ४० किलोमीटरवर, टेकड्या मोठ्या पण गर्दीही मोठी, कॅम्पची रांगच आहे. खुडी दुसऱ्या बाजूला, साधारण तेवढंच लांब, टेकड्या लहान पण शांत. तुमच्यासाठी मी खुडी म्हणेन. आम्ही समला राहिलो होतो, बुकिंगच्या फोटोत तंबूच्या दारातून वाळू दिसत होती, प्रत्यक्षात दारातून डांबरी रस्ता दिसत होता आणि पलीकडच्या कॅम्पचा डीजे, त्याची गाणी आम्ही गणेशोत्सवात ऐकून आलेलो. तेव्हा बुक करायच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचार: तंबूपासून टेकडी चालत किती मिनिटांवर, रात्री स्पीकर किती वाजता बंद, आणि संडास आतलाच आहे ना आणि कमोड आहे ना. तिसरं उत्तर गुळमुळीत आलं तर फोन ठेव.

जीपने वाळूत उड्या मारायला लावतात त्यात सासूबाई नकोत, तूपण नको खरं तर, कंबर धरते. उंटावरही त्यांना बसवू नका, उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, माणूस पुढे कलंडतो, मग एकदम मागे. उंटगाडी मिळते, गादी घातलेली, त्यात ऐटीत बसतात म्हातारी माणसं. आणि थंडी! फेब्रुवारीत दुपारी बरं वाटतं, सूर्य बुडाला की वाळू बघता बघता गार पडते, रात्री पारा दहाच्या आसपास येतो आणि तंबूला भिंत नसते. कानटोपी, पायमोजे, शाल, ओठांना व्हॅसलीन. लग्नाच्या बॅगेत शालूला जागा होते आणि कानटोपीला होत नाही असं करू नकोस.

येता-जाता कुलधरा बघा, पालीवाल ब्राह्मणांचं ओस पडलेलं गाव. गाईड भुताच्या गोष्टी सांगेल, त्या लेकीला ऐकू देत, पण तिला खडीनही दाखवायला सांग, पावसाचं वाहून आलेलं पाणी बांध घालून अडवायचं आणि ते मुरलं की त्याच ओलीवर गहू घ्यायचा, हे त्या लोकांचं कसब, आजही तिकडे शेती होते तशी. तनोट आणि लोंगेवाला मात्र सोड, १९७१ च्या लढाईची जागा आहे, नवऱ्याचा जीव तुटेल, पण जाऊन येऊन अख्खा दिवस जातो. अगदीच हट्ट केला तर त्याला एकट्याला टॅक्सीने पाठव, तुम्ही तिघी हॉटेलच्या गच्चीवर उन्हात बसा.

गुरुवारी ट्रेनने जोधपूर, शुक्रवारी विमान. बस. गुरुवारची संध्याकाळ मुद्दाम रिकामी ठेवलीये, ट्रेन लेट झाली तरी विमान चुकत नाही.

विमानाचं तिकीट बदलायचं तर आधी बदलाची फी अधिक भाड्यातला फरक एवढा हिशोब कर आणि नवीन एकेरी तिकिटाशी ताडून बघ, कधीकधी जुनं सोडून नवं काढणं स्वस्त पडतं. आणि माघी पौर्णिमा कधी येतेय ते कालनिर्णयमध्ये बघ, तेव्हा जैसलमेरला मरु महोत्सव असतो, उंटांचे खेळ, मिशांच्या स्पर्धा, मजा असते, पण हॉटेलचे भाव दुप्पट सांगतात. तारखा जुळत असतील तर खोल्या आत्ताच धर.

शाळेचं म्हणशील तर चौथी-पाचवीतल्या मुलीचे चार दिवस. बाईंना चिठ्ठी दे, येताना काय काय बघितलं ते वहीत लिहून आण म्हणावं.

एक मात्र विसरू नकोस. शालू, दागिने, आहेराच्या साड्या, मोठ्या बॅगा, हे सगळं सोमवारच्या मंडळींबरोबर पुण्याला रवाना कर. आम्ही माझी मोहनमाळ पिशवीत घालून वाळवंटभर फिरवली होती, उंटावर बसतानासुद्धा एक हात पिशवीवर, सूर्यास्ताच्या एकाही फोटोत मी सूर्याकडे बघत नाहीये.

येताना केर-सांगरी आण, सुकी, जोधपूरच्या बाजारात मिळते. केर म्हणजे तिकडच्या एका काटेरी झुडपाची छोटी फळं, सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी गं, जिची पानं आपण गणपतीला वाहतो. सासूबाईंना हे तिकडे झाडाखाली उभं राहून सांग. त्याच झाडासाठी १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात ३६३ बिश्नोई माणसांनी जीव दिला, राजाच्या माणसांना तोडू देईनात म्हणून. घरी आल्यावर रात्रभर भिजत घाल, सकाळी चार-पाच पाण्यांनी धू, बोटांना वाळूची किरकिर लागायची थांबली की समज झाली, मग उकडून तेलात लाल मिरची, धने-जिरेपूड आणि शेवटी आमचूर. पोळीपेक्षा बाजरीच्या भाकरीबरोबर छान लागते. अर्धा किलो पुरे, भिजून चांगली फुगते.